टॅली, एक्सेल आणि गेटपास एका माळेत: सोलापूरच्या कारखान्यात सॉफ्टवेअरं जोडायला निघालेल्यांसाठी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवाला म्हणून लागलो, तेव्हा एकच ऑर्डर पाच ठिकाणी टाइप व्हायची. गिऱ्हाइकाची ऑर्डर मेलवर एक्सेलमध्ये यायची. प्लॅनिंगवाले काका ती उत्पादनाच्या जुन्या प्रोग्राममध्ये भरायचे. पॅकिंगचा पोरगा वजनकाट्यावरचा आकडा वहीत उतरवायचा. वहीवरून गेटपास, गेटपासवरून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल, बिलावरून जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर पुन्हा सगळं. महिनाअखेरीला पाच जणांचे पाच आकडे, आणि प्रत्येक जण आपलाच बरोबर म्हणून ठाम.

मालक म्हणाले, "हे सगळं एकदा जोडून टाक." मी हो म्हणालो. या कामाला दोन वर्षं लागली, आणि त्यातले पहिले आठ महिने मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली म्हणून वाया गेले. सोलापुरात माझ्यासारखे बरेच आहेत: इंजिनिअरिंग करून गावातच राहिलेले, कारखान्यात एकटेच 'आयटी डिपार्टमेंट' असलेले. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी तीन भारदस्त शब्द

सॉफ्टवेअरं जोडण्यावर काही वाचायला बसलात की मिडलवेअर, सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर आणि बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट हे तीन शब्द पहिल्याच पानावर आडवे येतात. सोलापूरकराला तिन्ही गोष्टी ठाऊक असतात, फक्त वेगळ्या नावांनी.

मिडलवेअर म्हणजे हुंडेकरी, माल पोचवणारा ट्रान्सपोर्टवाला. तुम्ही गाठ त्याच्या गोदामात टाकता, बिल्टी घेता आणि परत येता. ट्रकमागे बंगळूरपर्यंत जात नाही. समोरच्याचं दुकान त्या दिवशी बंद असलं तरी गाठ कुठंतरी सांभाळलेली असते. एका सॉफ्टवेअरने दिलेला निरोप दुसरं सॉफ्टवेअर जागं होईपर्यंत सांभाळायचा आणि मग पोचवायचा, हे मिडलवेअरचं मुख्य काम.

सर्व्हिस ओरिएंटेड म्हणजे जॉबवर्क, बाहेरून मजुरीवर करून घेतलेलं काम. सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याला तुमचा माग कोणत्या कंपनीचा हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. सुताचा काउंट म्हणजे जाडी-बारकाई, बीमवर (ताणा गुंडाळायच्या रुळावर) तारा किती, रुंदी किती, लांबी किती, एवढं चिठ्ठीवर लिहून दिलं की भरलेलं बीम परत येतं. त्याने आत मशीन बदललं तरी चिठ्ठीचा नमुना तोच असेल तर तुमचं काही अडत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात त्या चिठ्ठीला इंटरफेस म्हणतात.

आणि बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट म्हणजे ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत कोणी कोणानंतर काय करायचं, कुठे कोणाची सही लागते, आणि एखाद्याने ते केलंच नाही तर पुढे काय, याची मांडणी.

यातलं नवं काहीच नाही. निरोप पोचवणारं आयबीएमचं एमक्यूसीरीज १९९३ साली आलं. प्रक्रिया चितारायची बीपीएमएन ही चित्रलिपी आज ज्या रूपात वापरतात ती दुसरी आवृत्ती २०११ ची, आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ १९५१० हा क्रमांक मिळाला. जुनं आहे हे आपल्या पथ्यावरच पडतं. अडलात तर उत्तर कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं.

१. कॉम्प्युटर बंद ठेवा, वही घ्या

माझी पहिली चूक इथेच झाली. मी पहिल्या आठवड्यात सर्व्हरवर तीन-चार फुकटची सॉफ्टवेअरं चढवली आणि जोडायचं काय ते नंतर शोधत बसलो.

तसं करू नका. एक ऑर्डर धरा आणि तिच्यामागे पायी फिरा. मेल कोण उघडतं? एक्सेल कोणाच्या पेनड्राइव्हवर जातं? पॅकिंगची वही कोण लिहितं आणि सुट्टीच्या दिवशी कोण लिहितं? प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी टिपा: काय आलं, काय बदललं, पुढे काय गेलं.

मला या फेरीत कळलं की गेटपास आणि बिल यांच्यामध्ये एक फोन होता. डिस्पॅचवाला अकाउंट्सला सांगायचा, "गाडी भरली, बिल मागून लावा." हा फोन कुठल्याच कागदावर नव्हता आणि सगळा घोळ त्या फोनवर झालेल्या बोलण्यातच होता.

सगळं टिपून झालं की सॉफ्टवेअरं मोजा. सहा असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं म्हटलं तर १५ जोडण्या होतात, दहा असतील तर ४५. मध्ये एक हुंडेकरी बसवला की सहाला सहा, दहाला दहा. मिडलवेअर का, याचं उत्तर मालकांना देताना मी हा एवढाच हिशेब दाखवला होता. पुरला.

२. कोणत्या माहितीचा मालक कोण, हे लिहून घ्या

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. जोडणी फसते ती बहुतेक वेळा तांत्रिक कारणाने फसत नाही. दोन विभाग एकाच वस्तूला दोन नावं देतात, आणि ती दोन नावं एकच आहेत हे फक्त तिथल्या एका जुन्या माणसाला माहीत असतं.

आमच्याकडे ३० बाय ६० इंचाचा पांढरा, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल प्लॅनिंगमध्ये आकडी कोडने होता, टॅलीत 'बाथ टॉवेल व्हाइट मोठा' होता आणि पॅकिंगच्या वहीत 'हॉटेलवाला पांढरा'. माणसं हे सांभाळून घेतात. निरोप पोचवणारं यंत्र घेत नाही.

पार्ट्यांच्या नावांचं तर विचारूच नका. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतली नावं, आणि कारकून कानाला ऐकू येईल तसं रोमन लिपीत लिहितो. एकच श्रीनिवास आमच्या यादीत चार स्पेलिंगांनी बसला होता: एच घालून, एच वगळून, मध्ये व्ही असलेला आणि डब्ल्यू असलेला. चौघांची उधारी वेगवेगळी दिसायची. उपाय असा की नावावर जोडणी करायचीच नाही. नोंदणीकृत पार्टीसाठी १५ अक्षरी जीएसटी नंबर धरा. पण तो एकटा पुरत नाही, कारण एकाच राज्यातल्या तीन दुकानांचा नंबर एकच असू शकतो आणि नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाकडे तो नसतोच. म्हणून शेजारी आपला एक छोटा कोड ठेवा आणि तो एकाच ठिकाणी तयार होईल असं बघा.

मग एकक. याचा किस्सा सांगतो, कारण तो मला महागात पडणार होता. हॉटेलची १,२०० नगांची ऑर्डर आली. एक्सेलमध्ये एककाचा रकाना नव्हता. आमच्या प्लॅनिंगच्या प्रोग्राममध्ये मात्र सगळं डझनात. मी लिहिलेल्या जोडणीने १,२०० हा आकडा इमानदारीने उचलला आणि तिकडे १,२०० डझन म्हणून ठेवला. १४,४०० टॉवेल. सुताची मागणी त्या हिशेबाने निघाली, बीमाचं काम लिहिलं गेलं. पकडलं कोणी? मागांवरच्या मुकादमांनी. चिठ्ठी वाचली, तेलुगूत स्वतःशीच काहीतरी मोजलं आणि वर येऊन विचारलं, "त्या हॉटेलात एवढी माणसं राहतात?" आमचं कोणतंही सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारणार नव्हतं.

म्हणून निरोपात आकडा कधीच एकटा पाठवू नका. शेजारी एकक हवंच. जीएसटीच्या व्यवस्थेत एककांचे ठरलेले तीन अक्षरी कोड आहेत: नगाला पीसीएस, डझनाला डीओझेड, किलोला केजीएस, गाठीला बीएएल. तेच सगळीकडे वापरा. शेवटी ई-इनव्हॉइसला तेच लागतात.

आमची मालकीची यादी अशी ठरली. पार्टीची माहिती अकाउंट्सची. मालाचा कोड प्लॅनिंगचा. शिल्लक माल गोदामाचा. दर खुद्द मालकांचा. बिलाचा क्रमांक टॅलीचा. बाकीच्यांनी त्याची प्रत ठेवावी, पण आपल्याकडे बदलू नये. ही पाच वाक्यं ठरवायला दीड तासाची बैठक आणि शेंगाचटणी-भाकरीचे दोन डबे लागले. त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी कुणीतरी "असं कुठं ठरलं होतं?" म्हणतंच.

३. हाताशी काय काय लागेल

काम सुरू करण्याआधी हे गोळा करा. अर्ध्यावर गेल्यावर शोधत बसलात तर महिना जातो.

- मालकांचं लेखी पत्र: कोणत्या सॉफ्टवेअरमधली माहिती वाचायची आणि कुठे लिहायची परवानगी तुम्हाला आहे
- प्रत्येक सॉफ्टवेअरच्या परवान्याचे कागद आणि ते ज्यांनी बनवलं त्यांचा नंबर
- टॅलीच्या कंपनीची चाचणीसाठी वेगळी प्रत
- ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा जीएसटीचा कागद) यांच्या जोडणीसाठी स्वतंत्र युजरनेम-पासवर्ड. पोर्टलवर हाताने लॉगिन करायचा तो इथे चालत नाही
- बदलत नाही असा आयपी पत्ता, किंवा जीएसपी म्हणजे मान्यताप्राप्त मध्यस्थ कंपनीशी करार
- मालाची, पार्ट्यांची आणि एककांची सही झालेली यादी
- यूपीएस, आणि सर्व्हरसाठी मागांपासून लांबची खोली

शेवटच्या ओळीला हसू नका. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि मागांवरून उडणारी सुताची धूळ कॉम्प्युटरच्या पंख्यात बसते. आमचा पहिला सर्व्हर तसाच गेला. पंखा काढला तर आत फेल्टसारखा थर होता.

४. प्रत्येक सॉफ्टवेअरचं दार कुठे आहे ते शोधा

टॅलीचं दार तुलनेने सोपं. सेटिंगमध्ये सर्व्हर म्हणून चालू केलं की ते साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (मशीनच्या खिडकीवर म्हणा) एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेला निरोप घेतं. पण त्याचे नखरे आहेत, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

पहिला: कंपनी पडद्यावर उघडलेली असायला हवी. रात्री कुणी टॅली बंद करून घरी गेलं की दार बंद. दुसरा: चूक झाली तरी उत्तर आलं म्हणजे काम झालं असं वरवर दिसतं. उत्तराच्या आत 'तयार झालेल्या नोंदी', 'बदललेल्या नोंदी' आणि 'चुका' असे वेगवेगळे आकडे असतात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसरा: लेजरचं म्हणजे खात्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. चौथा मला तीन दिवस छळत होता. 'अमुक अँड सन्स' नावाच्या पार्ट्यांचीच बिलं तेवढी जात नव्हती. अँडसाठी जी वळणदार खूण टाइप करतात तिला एक्सएमएलमध्ये खास अर्थ आहे, ती तशीच पाठवली तर अख्खा निरोप मोडतो. पाचवा: परवान्याशिवाय चालणारी टॅलीची शिकाऊ प्रत महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेते. चाचणीत बाकीच्या तारखा नाकारल्या गेल्या तर स्वतःला दोष देऊ नका.

उत्पादनाचा जुना प्रोग्राम ही दुसरी गोष्ट. ज्यांनी बनवला त्यांनी डेटाबेस उघडून द्यायला नकार दिला. भांडलो असतो तर वर्ष गेलं असतं. आम्ही एवढंच मागितलं की दर पंधरा मिनिटांनी एका फोल्डरमध्ये साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली मजकुराची फाइल टाका. ते झालं. यात एक खड्डा आहे: फाइल अर्धी लिहून झालेली असताना तुमचा प्रोग्राम ती वाचायला घेतो. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं, अशी अट घाला.

आणि ती फाइल मध्येच कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणार नाही याची काळजी घ्या. दुहेरी सुताचा काउंट आपण २/२० असा लिहितो. एक्सेलला ती तारीख वाटते आणि सुताच्या जागी फेब्रुवारी महिना येऊन बसतो. कोडच्या सुरुवातीचं शून्यही ते गिळतं.

वजनकाटा सिरियल केबलवर सतत आकडे ओकत असतो. गाठ ठेवल्या क्षणीचा आकडा घेऊ नका. सलग काही वेळा तोच आकडा आला तर तो स्थिर धरा.

५. चिठ्ठीचा नमुना ठरवा

आता सायझिंगवाल्याची चिठ्ठी आठवा. ऑर्डर, डिस्पॅच आणि बिल या तीन गोष्टींचे तीन नमुने बनवा आणि सगळ्या सॉफ्टवेअरांना त्याच नमुन्यात बोलायला लावा. टॅलीच्या भाषेतलं प्लॅनिंगच्या भाषेत, असं थेट भाषांतर लिहू नका. प्रत्येकाचं भाषांतर मधल्या नमुन्यात. उद्या टॅली बदललं तर एकच दुभाषा बदलावा लागेल.

नमुना जेसनमध्ये लिहा, म्हणजे 'नाव आणि किंमत' अशा जोड्यांच्या साध्या मजकुरात. एक्सएमएल चालतं, निरोप बांधायच्या सोप आणि डब्ल्यूएसडीएल या जड पद्धतीही चालतात, बँका आणि मोठ्या कंपन्यांत अजून भेटतात. पण एकट्या माणसाने ते ओझं उचलायचं कारण नाही.

काही बारीक गोष्टी. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात, म्हणजे दशांशाचे घोळ होत नाहीत. प्रत्येक निरोपात नमुन्याचा आवृत्ती क्रमांक. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत, कारण जीएसटीत तीच मर्यादा आहे. सगळा मजकूर युनिकोडमध्ये. कामगारांची नावं जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती दुसरीकडे गेल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा होतो. आधी रूपांतर करा, मग पाठवा.

६. मध्ये हुंडेकरी बसवा

आम्ही रॅबिटएमक्यू घेतलं. फुकट आहे, २००७ पासून आहे, एका साध्या मशीनवर चालतं. काफ्काचं नाव सगळीकडे ऐकाल. ते लिंक्डइनमध्ये जन्मलं, प्रचंड प्रवाहांसाठी. दिवसाला शे-दोनशे ऑर्डरी असलेल्या कारखान्यात ते लावणं म्हणजे दोन गाठींसाठी अख्खी मालगाडी बोलावणं.

बसवल्यावर तीन गोष्टी लगेच करा. निरोप ज्या रांगेत थांबतात ती रांग आणि निरोप दोन्ही टिकाऊ ठेवा, म्हणजे वीज गेली तरी राहतात. निरोप मिळाल्याची पोच प्रोग्रामने काम पूर्ण झाल्यावरच द्यावी, हातात येताक्षणी नाही. आणि पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्या निरोपांसाठी वेगळी रांग ठेवा. तिला डेड लेटर क्यू म्हणतात. पत्ता न सापडलेली पत्रं जिथे जातात तसा कोपरा. तो कोपरा रोज सकाळी कुणीतरी बघायचा, नाहीतर तिथे बिलं साचतात आणि कुणाला पत्ता नसतो.

आता सर्वात मोठा खड्डा. एका रात्री वीज गेली. माझ्या प्रोग्रामने टॅलीला बिल पाठवलं होतं, टॅलीने नोंदही केली होती, पण 'झालं' हे उत्तर परत यायच्या आत राउटर बंद पडला. वीज आल्यावर प्रोग्रामने बिचाऱ्याने तेच बिल पुन्हा पाठवलं. सकाळी दिवाणजी माझ्या टेबलाशी उभे: "काय बे, एका गाडीची दोन बिलं?"

रांगेवर चालणारी अशी सगळी व्यवस्था 'निदान एकदा तरी पोचवेन' एवढंच वचन देते. 'एकदाच पोचवेन' असं नाही. दुसऱ्यांदा आलेला निरोप ओळखणं हे घेणाऱ्याचं काम. प्रत्येक निरोपाला जन्मतःच एक वेगळा क्रमांक द्या. काम झालं की तो क्रमांक एका टेबलात लिहा. नवा निरोप आला की आधी टेबल बघा. टॅलीत बिलाचा क्रमांक दुबार होऊ न देण्याची सोयही चालू करा, म्हणजे दुसरी कडी लागते.

सरकारी व्यवस्थाही हेच करते. ई-इनव्हॉइसचा आयआरएन हा ६४ अक्षरांचा क्रमांक पुरवठादाराचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांपासून तयार होतो. तेच बिल परत पाठवलं तर २१५० ही चूक येते. नवखा माणूस ही चूक बघून घाबरतो. तिचा अर्थ 'हे आधीच झालंय' एवढाच आहे आणि उत्तरात आधीचा आयआरएन दिलेलाही असतो. तो उचला, नोंदवा, पुढे चला.

एक सुरक्षेची गोष्ट: रॅबिटएमक्यूचा देखरेखीचा पडदा १५६७२ पोर्टवर असतो. तो इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

७. प्रक्रिया कागदावर काढा, मग यंत्रात

बीपीएमएनची पाच चिन्हं आली की पुरे. बारीक कडेचा गोल म्हणजे सुरुवात, जाड कडेचा गोल म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, पत्त्यातल्या चौकटसारखा तिरपा आकार म्हणजे निर्णय, आणि आडवे पट्टे म्हणजे विभाग. कोणता चौकोन कोणत्या पट्ट्यात पडतो यावरच निम्मी भांडणं मिटतात. किंवा सुरू होतात.

जसं आहे तसंच आधी काढा. 'बिल मागून लावा'वाला फोनही चित्रात आला पाहिजे. तो काढल्यावर मालकांनी पहिल्यांदा पाहिला.

पुण्याच्या एका सल्लागार कंपनीकडे मी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन आलो होतो. त्यांनी प्रक्रिया चालवणारं मोठं इंजिन घ्यायला सांगितलं, वर एक महागडी एंटरप्राइझ सर्व्हिस बस, म्हणजे सगळी सॉफ्टवेअरं जोडणारा एक मोठा मधला रस्ता. माझं मत असं की सुरुवातीला दोन्हीची गरज नाही. ऑर्डरच्या टेबलात 'अवस्था' नावाचा एक रकाना आणि अवस्था कधी, कोणी बदलली याचं दुसरं टेबल, यावर आम्ही वर्षभर चाललो. फ्लोएबलसारखं इंजिन आणलं ते मंजुरीचे टप्पे वाढल्यावर. आणि बस आणलीच तर तिच्या पोटात धंद्याचे नियम भरू नका. सवलत किती, उधारी किती दिवसांची, हे नियम ज्या-त्या सॉफ्टवेअरमध्ये राहू द्या. बसमध्ये सगळे नियम कोंबले की ती संध्याकाळचा सोलापूरचा सात रस्ता चौक होते. सगळं तिथेच येऊन अडतं.

चित्रात तीन गोष्टी विसरू नका.

एक, माणसाचा थांबा. मुकादमांच्या प्रश्नानंतर आम्ही नियम केला: त्या गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या ऑर्डरीपेक्षा तिप्पट आकडा आला तर निरोप पुढे जात नाही. प्लॅनिंगमध्ये माणूस बघतो, मग सोडतो.

दोन, घड्याळ. राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. पुणे साधारण २५० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपायच्या आत कुणाला तरी कळायला हवं. हे घड्याळ प्रक्रियेत लावता येतं आणि लावलंच पाहिजे.

तीन, मागे फिरायचा रस्ता. आयआरएन २४ तासांच्या आतच रद्द होतो, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा करणारा कागद. म्हणजे 'ऑर्डर रद्द' हे एक बटण नाही, उलट्या क्रमाने जाणारी स्वतंत्र प्रक्रिया आहे. आम्ही ती काढलीच नव्हती. पहिली गाडी गेटवरून परत आली त्या दिवशी तिघांनी तीन दिशांनी रद्द करायला घेतलं.

तुमच्याकडे ई-इनव्हॉइस लागू आहे का हेही बघून ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचं आहे, आणि निर्यातीची बिलंही त्यात येतात.

८. चालू करताना

एकच प्रवाह आधी चालू करा. आम्ही डिस्पॅच ते बिल हा घेतला, कारण दुखत तिथे जास्त होतं. ऑनलाइन दुकान, हजेरी, बँक सगळं नंतर.

दिवस जपून निवडा. मार्चअखेर नको, दिवाळीच्या तोंडावर नको, आणि संक्रांतीच्या आठवड्यात तर नकोच. गड्ड्याच्या यात्रेत अर्धे कामगार सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी असतात. काही अडलं तर विचारायलाही कुणी सापडत नाही.

पहिला महिना जुनी पद्धत आणि नवी शेजारी शेजारी चालवा. लोक कुरकुरतील, दुप्पट काम पडतं. पण रोज संध्याकाळी तीन आकडे जुळवा: गेटमधून बाहेर गेलेल्या गाठी, टॅलीतली बिलं, पोर्टलवरचे आयआरएन. आमचे तिन्ही सलग जुळायला एकोणीस दिवस लागले. सोळाव्या दिवशी एक गाठ कमी आली, ती गोदामात वजनकाट्यामागे सापडली. सॉफ्टवेअर बरोबर होतं.

प्रत्येक ऑर्डरीला तिचा माग काढायला एक क्रमांक द्या, जो मेलपासून आयआरएनपर्यंत प्रत्येक नोंदीत राहील. रात्री अकराला गेटवरून फोन येतो, "गाडी उभी आहे, बिल निघत नाही," तेव्हा चार सॉफ्टवेअरांच्या लॉगमध्ये (त्यांनी केलेल्या कामांच्या नोंदींत) तो एकच क्रमांक शोधला की कुठे अडलंय ते दोन मिनिटांत दिसतं. हा क्रमांक नसताना मी एकदा रात्री अडीचपर्यंत बसलो होतो, ड्रायव्हर बाहेर बिडी ओढत.

जोडणी बंद पडली तर हाताने काम कसं करायचं, याचा एक पानी कागद पॅकिंगच्या भिंतीवर लावा. मराठीत आणि तेलुगूत. बिलाचे काही क्रमांक त्या वेळेसाठी वेगळे राखून ठेवा, म्हणजे जोडणी परत आल्यावर टक्कर होत नाही.

सगळे पासवर्ड, पोर्टचे आकडे आणि कोणता प्रोग्राम कोणत्या मशीनवर चालतो, हे एका वहीत लिहून मालकांच्या कपाटात ठेवा. मी तापाने आठ दिवस पडलो होतो तेव्हा दिवाणजींनी ती वही उघडून रांग स्वतः चालू केली होती. तिसऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात अजून एक ओळ आहे: 'आधी राउटर बघा.'